आईचे रक्त, बाळाची शिदोरी



सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलात की काय होते? मापाने दूध ओतून घेतले आणि झाले, असे होत नाही. थोडा नमुना बाजूला काढतात, यंत्राला लावतात, आणि फॅट किती लागली, एसएनएफ किती, ते पावतीवर येते. दूध सगळ्यांचेच पांढरे. पण आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि भाव ठरतो तो आतल्या जिनसांवर. चारा-पेंड बदलली की पावतीवरचा आकडाही बदलतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

रक्ताचेही तसेच आहे. रक्त सगळ्यांचे लाल. पण गरोदर बाईच्या रक्तात लोह किती, साखर किती, जीवनसत्त्वे किती, हे वरून कळत नाही. आणि इथे प्रश्न लिटरमागच्या भावाचा नाही. पोटातल्या बाळाचे हृदय, मेंदू, हाडे याच रक्तातल्या मालमसाल्यावर बांधली जातात. म्हशीच्या दुधाची रोज दोन वेळा तपासणी करणाऱ्या घरात सुनेच्या रक्ताची नऊ महिन्यांत एकदाही तपासणी होऊ नये, हे काही बरे नाही.

बाळ जेवते कसे?

पोटातले बाळ तोंडाने जेवत नाही. त्याला लागेल ते सारे नाळेतून येते. नाळेचे एक टोक बाळाच्या बेंबीला, दुसरे टोक वारेला. वारेत आईचे रक्त आणि बाळाचे रक्त अगदी जवळून वाहते, पण एकमेकांत मिसळत नाही. मध्ये पातळ पडदा असतो. आईने खाल्लेली भाकरी, डाळ, भाजी पोटात पचते, तिचे बारीक कण होऊन रक्तात उतरतात, आणि त्यांतले बाळाला लागणारे कण या पडद्यातून पलीकडे जातात.

खाल्लेल्या अन्नाचे कण होणे, त्यांतले काही जळून ताकद मिळणे, काहींपासून मांस-हाडे तयार होणे, उरलेले साठवणे किंवा बाहेर टाकणे, या सगळ्या उलाढालीला शास्त्रात चयापचय म्हणतात. घरातला जमाखर्चच म्हणा ना. रक्त ही त्या जमाखर्चाची वही. आईच्या रक्ताचा नमुना घेऊन त्यातले वेगवेगळे कण मोजले, की वहीचे एक पान वाचता येते. मोठ्या प्रयोगशाळांत आता अशी यंत्रे आहेत की ती कणांना त्यांच्या वजनावरून वेगळे करतात आणि एका लहानशा नमुन्यातून शेकडो प्रकारचे कण मोजतात. अशी यंत्रे संशोधनासाठी असतात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती नाहीत, आणि नेहमीच्या बाळंतपणाला त्यांची गरजही नाही. पण त्या संशोधनातून जे कळले ते आपल्या चुलीपर्यंत पोचले पाहिजे, म्हणून हे पत्रक.

पुण्याजवळच्या सहा गावांची गोष्ट

ही पाहणी परदेशातली नाही, आपल्या महाराष्ट्रातली आहे. १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्यातील सहा गावांत एक काम सुरू केले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. या कामाचे वैशिष्ट्य असे की गर्भ राहिल्यावर नव्हे, त्याच्या आधीपासून गावातल्या लग्न झालेल्या बायकांची नोंद ठेवली. दर महिन्याला पाळीची चौकशी व्हायची. गर्भ राहिला की १८ व्या आणि २८ व्या आठवड्याला काय खाता, किती काम करता, हे विचारायचे, रक्त तपासायचे. पुढे बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा घेर, कातडीखालची चरबी हे सगळे मोजले. आणि तिथेच थांबले नाहीत. ती मुले शाळेत गेली, मोठी झाली, तरी त्यांची तपासणी चालूच राहिली.

त्या बायका कशा होत्या? तुमच्या-आमच्या घरातल्यासारख्याच. सरासरी वजन गरोदरपणाआधी ४२ किलोच्या आसपास, उंची पाच फुटांच्या आसपास. पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या जवळपास वजनाची. साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची.

आता कोणी म्हणेल, इंग्लंडचे बाळ थोराड, आपले बारीक, यात नवल ते काय? नवल पुढे आहे. बारकाईने मोजल्यावर दिसले की आपल्या बाळाचे मांस कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला काटकुळे, आतून चरबीवाले. अशा बांध्याला पुढे मधुमेहाचा धोका जास्त. आपल्याकडे चाळिशीच्या आतच, अंगाने सडपातळ माणसालाही 'शुगर' का निघते, याचे एक कारण जन्माआधीच्या त्या नऊ महिन्यांत असू शकते, हे या कामामुळे जगाच्या लक्षात आले.

दुसरी गोष्ट कामाची. ज्या बायकांवर गरोदरपणात शेतातले, पाण्याचे, धुण्याचे कष्ट जास्त पडत होते, त्यांची बाळे अधिक लहान निघाली. आणि तिसरी गोष्ट खाण्याची. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या पोटात वरचेवर जात होते, त्यांची बाळे जन्मतः अंगाने बरी होती. इथे सफरचंद-डाळिंबाची गोष्ट नाही. मेथी, चवळई, शेपू, करडई, शेवग्याचा पाला. पेरू, पपई, बोरे. बांधावर मिळणारीच वस्तू. पण भाजी बाजारात जाते, दूध डेअरीत जाते, आणि जिला दिवस गेलेत ती सगळ्यांच्या मागून भाकरी आणि उरलेल्या कालवणावर भागवते. हे आम्ही ऐकून सांगत नाही, घरोघर बघितले आहे.

बी-१२ म्हणजे काय प्रकरण आहे?

सहा गावांतल्या रक्ताच्या तपासणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. सुमारे दोन-तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ नावाचे जीवनसत्त्व कमी होते. फोलेट नावाचे दुसरे जीवनसत्त्व, जे पालेभाज्यांत आणि फोलिक ॲसिडच्या गोळीत असते, ते मात्र जवळजवळ कोणाला कमी नव्हते.

बी-१२ आणि फोलेट ही बैलजोडी समजा. नवीन पेशी बनवायचे काम दोघांनी मिळून ओढायचे असते. एक बैल बसला की गाडी अडते, आणि होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ रक्तात साचू लागतो. हा पदार्थ ज्या आयांच्या रक्तात जास्त आढळला, त्यांची बाळे लहान होती. पुढे मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्या मुलांच्या शरीराने इन्सुलिनला कमी दाद द्यायला सुरुवात केलेली दिसली. मधुमेहाच्या वाटेवरचा हा पहिला टप्पा. ही माहिती २००८ साली प्रसिद्ध झाली.

हे वाचून फोलिक ॲसिडची गोळी फेकून देऊ नका! तो अर्थ अजिबात नाही. ती गोळी का हवी ते पुढे सांगतो. अर्थ एवढाच की एकट्या गोळीने भागत नाही, जोडीचा बैलही उभा पाहिजे.

बी-१२ मिळते कशातून? दूध, दही, अंडी, मासे, मटण. ज्वारी, बाजरी, डाळ, भाजी यांत ते नसते. रोज लागते तेही दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका कणाहूनही कमी. पण तेवढे मिळालेच पाहिजे. घर माळकरी असेल तर कोणी अंडे खायला सांगणार नाही. त्या घरात सुनेच्या वाट्याला रोज दूध-दही आले पाहिजे, कोऱ्या चहाच्या कपात टाकलेले चमचाभर दूध नव्हे. आणि तेवढ्याने भागत नसेल तर बी-१२ च्या गोळ्या मिळतात. डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

त्या सहा गावांतली मुले-मुली मोठी झाल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यावर पुढचा प्रयोग झाला. लग्नाआधीपासून, वयात येतानाच त्यांना रोज थोडे बी-१२ दिले. त्या मुलींची लग्ने होऊन बाळे झाली तेव्हा बाळांचे जन्मवजन काही वाढलेले दिसले नाही. पण नाळेतल्या रक्तात बी-१२ जास्त होते, आणि दोन वर्षांची झाल्यावर बोलणे आणि समजणे यांच्या चाचणीत ही मुले पुढे दिसली. मुलांची संख्या थोडी होती, म्हणून यावरून फार मोठ्या गप्पा मारू नयेत. पण वजनकाट्यावर जे दिसत नाही ते डोक्यात उमटू शकते, एवढे तरी यावरून समजते.

रक्तातली साखर

ही तपासणी आता सरकारी दवाखान्यात होते, म्हणून नीट समजून घ्या.

गरोदरपणात वारेतून असे रस सुटतात की आईच्या इन्सुलिनचा जोर कमी पडतो. बहुतेक बायकांचे शरीर जास्त इन्सुलिन बनवून ते भरून काढते. काहींचे काढू शकत नाही, आणि रक्तात साखर वाढते. दुखत नाही, खुपत नाही, बाईला काही कळत नाही. पण साखर वारेच्या पडद्यातून बाळाकडे जाते आणि आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ आपले स्वतःचे इन्सुलिन जास्त बनवू लागते आणि आलेली साखर चरबी करून साठवते. बाळ अंगापेक्षा मोठे होते, बाळंतपण अडते. जन्मल्याबरोबर नाळ कापली की साखरेचा पुरवठा बंद, पण बाळाचे इन्सुलिन चालूच. त्यामुळे बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून अशा बाळाला पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजणे फार महत्त्वाचे. पहिले पिवळसर चिकाचे दूध पिळून टाकायची चाल अजून कुठे असेल तर ती सोडाच.

९ देशांतील २५ हजारांवर गरोदर बायकांची याच साखरेसाठी तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली छापून आले. त्यात दिसले की अमुक आकड्याखाली निर्धास्त आणि त्यावर धोका, अशी सरळ रेघ नाही. साखर जसजशी चढते तसतसा धोका चढत जातो. तरी कामासाठी एक रेघ ओढावीच लागते. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घोळून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. उपाशीपोटी जावे लागत नाही. पहिल्या भेटीत एकदा, आणि ठीक निघाली तरी २४ ते २८ व्या आठवड्यात पुन्हा. आकडा जास्त आला म्हणून रडारड नको. बऱ्याच जणींचे जेवणाच्या वेळा बांधून आणि चालण्याने भागते, बाकीच्यांना औषध मिळते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी मात्र पुन्हा तपासून घ्या, कारण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा संभव जास्त असतो.

लोह, आणि बाकीचे

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे जिवावरचे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, शंभरात ५२, गरोदर बायकांचे रक्त कमी निघाले. लोहाच्या गोळ्या रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. थायरॉईडची तपासणी डॉक्टरांनी सांगितली तर करून घ्या. सुरुवातीचे काही महिने बाळ त्या रसासाठी पूर्णपणे आईवर अवलंबून असते. मीठ आयोडीनचेच वापरा.

"रक्त काढलं तर ती आणखी अशक्त होईल!"

सासूबाई असे म्हणतात तेव्हा त्या मायेनेच म्हणतात. पण हिशेब बघा. तपासणीला चहाचा एक-दोन चमचे रक्त लागते. अंगात साडेचार-पाच लिटर रक्त असते, आणि गरोदरपणात ते आणखी वाढते. दोन चमचे घागरीतून काढले तर घागर रिकामी होत नाही. उलट त्या दोन चमच्यांनी कळते की घागरीत पाणी कसले आहे.

आणखी एक. या तपासण्या मुलगा की मुलगी हे बघण्यासाठी नाहीत. ते कोणाला विचारूही नका. गर्भाचे लिंग तपासणे आणि सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तसेच, शहरात कोणी शंभर तपासण्यांचे महागडे 'पॅकेज' गळ्यात मारू लागला तर भुलू नका. आरोग्य केंद्रात फुकट होणाऱ्या चार तपासण्या वेळेवर झाल्या तर त्यांचा उपयोग जास्त.

वेळेवर म्हणजे कधी?

इथे तुम्हा दोघांचा विचार लागतो. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळ जन्मतः पाठीला उघडी गाठ घेऊन येऊ शकते. फोलिक ॲसिडने हा दोष बराच टळतो, हे १९९१ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीने पक्के केले. पण पाळी चुकते, बाई आठ-पंधरा दिवस वाट बघते, मग कोणाला तरी सांगते, मग दवाखान्यात येते. तोवर ते २८ दिवस गेलेले असतात! म्हणजे गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू पाहिजे. आणि आधीपासून सुरू करायची तर मूल केव्हा हवे हे दोघांनी आधी ठरवले पाहिजे. अचानक राहिलेल्या दिवसांना ही सवलत मिळत नाही.

पाळणा लांबवायचा तो याचसाठीही. एका गरोदरपणात आईच्या अंगातले सुमारे एक ग्रॅम लोह लागते. ऐकायला थोडे, पण रोजच्या जेवणातून अंगी लागते ते काही मिलिग्रॅम. मग वर्षभर अंगावर पाजायचे. मूल आठ-दहा महिन्यांचे असताना पुन्हा दिवस गेले तर कोठी भरण्याआधीच उपसायला सुरुवात होते. एक मूल झाल्यावर निदान दोन वर्षे पुढच्या गर्भाचा विचार करू नये, म्हणजे दोन मुलांत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडते. कोणी बाईला शेताची उपमा देतात, जमीन पडीक ठेवावी वगैरे. आम्हाला ती आवडत नाही. शेत स्वतः उठून दळण-पाणी करत नाही. बाईला विश्रांतीबरोबर जेवणही लागते.

अंतर ठेवायची साधने आता बरीच आहेत. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच तांबी बसवून घेता येते; काही तांबी ५ वर्षे, काही १० वर्षे चालतात, आणि मूल हवे तेव्हा काढता येतात. अंतरा हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर. छाया ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. पाजणाऱ्या आईला चालते. निरोध तर पुरुषांच्याच हातात आहे. आणि दोन मुले झाल्यावर थांबायचे असेल तर पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. कामाला माणूस चार-दोन दिवसांत लागतो. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यायचे.

तपासणीला जाताना

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास तपासणी असते. २०१६ पासून ही सोय सुरू आहे. नवऱ्याने बरोबर यावे, नुसते एसटीत बसवून देऊ नये. रक्तगट आणि सिकलसेलसारख्या काही बाबतींत नवऱ्याचेही रक्त तपासावे लागते. माता-बाल कार्ड न्यावे. घरी काही खाऊन जावे, म्हणजे ग्लुकोजचे पाणी प्यायल्यावर मळमळत नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झालीच तर लपवू नका, सिस्टरला सांगा, दुसऱ्या दिवशी पुन्हा देतात. दोन तास थांबावे लागते, तेव्हा शेवटची एसटी बघून सकाळीच निघावे. आकडे कार्डावर लिहून घ्यावेत आणि अर्थ विचारावा. पुढच्या गरोदरपणातही ते कार्ड लागते, म्हणून ते रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा.